निरोपाचा सूर : फोनवरचे लिहिणे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता



कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला आता सगळेच 'एआय' म्हणतात, ती उसाच्या फडापर्यंत येऊन पोचल्याचे आपण ऐकून आहात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसासाठी तिचा वापर सुरू केल्यापासून तर प्रत्येक गटसभेत कोणीतरी उठून विचारतोच, की आपल्याकडे हे कधी? त्याचे उत्तर शेतकी अधिकारी देतील. आजचा विषय त्याच यंत्रबुद्धीचा आहे, पण पाण्याखताचा नाही. फोनवर आपण एकमेकांना जे लिहितो, त्यातला सूर समोरच्याला कळावा यासाठी तिची काही मदत होते का, एवढेच पाहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटत होता. मागील गाळप हंगामात त्याची किंमत कळली.

हंगाम ऐन भरात होता. तोडीसाठी सभासदांचे फोन एकसारखे चालू. एका रात्री वैतागून मी गटाच्या व्हॉट्सॲपवर निरोप टाकला : 'ऊस तोड नोंदीच्या तारखेनुसारच मिळेल. सभासदांनी वैयक्तिक फोन करू नयेत.' दोनच वाक्ये. माझ्या मते त्यात वावगे काही नव्हते. थोड्या वेळाने एका वडीलधाऱ्या सभासदांचे उत्तर आले, 'बरं साहेब. तुमची मर्जी.' आणि पुढे हात जोडल्याचे चित्र. मी मनात म्हटले, चला, एकाला तरी पटले.

पटलेबिटले काही नव्हते. त्यांची लागण ऑक्टोबरातली, पूर्वहंगामी. आमच्या नोंदवहीत ती चुकून जानेवारीतली सुरू म्हणून चढली होती. तेच सांगायला ते फोन करीत होते, आणि दोनदा माझ्या गडबडीत फोन उचलला गेला नव्हता. त्यात हा निरोप आला. त्यांना वाटले, हा आपल्यालाच उद्देशून आहे, चारचौघांत आपल्याला झापले. माणूस मानी. पुन्हा फोन केला नाही. फेब्रुवारीअखेर चिटबॉय त्या शिवारात गेला तेव्हा पाहतो तर तुरे येऊन वाळलेले, ऊस सोळा महिन्यांचा. तोड मार्चात झाली. वजनात किती मार बसला हे मी इथे लिहीत नाही, त्यांनीही कोणाला सांगितलेले नाही. नोंदीतली चूक आमची, ती वेगळी. पण ती चूक महिनाभर आधी उघडी पडली असती, जर माझी दोन वाक्ये त्यांच्या जिव्हारी लागली नसती, आणि त्यांचे 'बरं साहेब' मला नीट वाचता आले असते.

हाच निरोप मी बांधावर उभा राहून तोंडाने दिला असता तर? आवाज खाली आला असता, हातवारे झाले असते, 'काका, तुमचं नाही म्हणत मी' असे आपसूक निघाले असते. लिहिताना हे सारे गळून पडते.

तसे पाहिले तर आपली मराठी याबाबतीत गरीब नाही. 'या' एवढाच शब्द घ्या. 'या की', 'या ना', 'या हं', 'या बरं', 'या बुवा एकदाचे'. पाच बोलावणी आणि पाचही निराळी. एकात आग्रह आहे, एकात विनवणी, एकात आठवण, एकात समजूत, एकात वैताग. तू, तुम्ही, आपण हे तीन मजले आहेतच, शिवाय अरे, अगं, अहो. ही एकअक्षरी शेपटे म्हणजे बोलण्यातला सूर कागदावर उतरवण्याची सोयच. पण कार्यालयीन भाषेत लिहायला बसलो की हीच शेपटे आम्ही पहिल्याने छाटतो, जसे उसाचे वाढे. मग उरते ते 'करू नयेत', 'राहणार नाही', 'नोंद घ्यावी'.

जुन्या लोकांनी पत्राच्या मायन्याची एवढी शिस्त का पाळली, हे आता कळते. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'साष्टांग नमस्कार', 'लोभ असावा ही विनंती' हे सगळे मजकुराच्या आधीच सांगून टाकीत, की लिहिणारा कोणत्या नात्याने व कोणत्या मनाने बोलतो आहे. लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकवाचे बोट आणि दुःखाच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला. निरक्षर आजीलाही पत्र हातात येताच कळे, की हसायचे की रडायचे. तार मात्र याला अपवाद. शब्दाला पैसे पडत, म्हणून तारेत मायना नसे. म्हणूनच तारवाला दारात दिसला की मजकूर वाचायच्या आधी बायामाणसे रडू लागत. ती तार १५ जुलै २०१३ ला देशातून बंद झाली. तिचा कोरडेपणा मात्र आपल्या फोनमध्ये येऊन बसला.

विलायतेत तरी याहून काय वेगळे? अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ साली संगणकावरच्या सूचनाफलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा चालली होती. काहींना ती खरीच धोक्याची सूचना वाटली. तेव्हा स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी १९ सप्टेंबरला सुचवले, की थट्टेच्या मजकुरापुढे दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस काढावा. मान वाकडी करून पाहिले तर हसरा चेहरा दिसतो. आज आपल्या फोनमध्ये शेकड्याने चित्रे आहेत, त्यांचे मूळ या असल्या गैरसमजात आहे. जपानमध्ये १९९९ च्या सुमारास मोबाइल फोनसाठी तशी चित्रे निघाली आणि २०१० नंतर ती जगभरच्या फोनांवर पसरली.

पण चित्रानेही भांडण मिटतेच असे नाही. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातला एक खटला प्रत्येक शेतकऱ्याने ऐकावा असा आहे. २०२१ साली धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि सौदा पक्का आहे ना, असे विचारले. शेतकऱ्याने उलट फक्त अंगठ्याचे चित्र पाठवले. पुढे भाव चढला, माल काही पोचला नाही. शेतकरी म्हणाला, मी अंगठा दाखवला तो 'कागद मिळाला' या अर्थाने. न्यायालयाने २०२३ साली ठरवले, की अंगठा म्हणजे मान्यता, करार झाला. नुकसानभरपाई सुमारे ८२ हजार कॅनडियन डॉलर. २०२४ मध्ये अपीलही फेटाळले गेले.

आपल्याकडे अंगठ्याची महती वेगळ्याने सांगायला नको. आजोबांच्या पिढीने सोसायटीच्या कागदावर निळा अंगठा उमटवला, तो सहीइतकाच पक्का. आता नातू दिवसातून पन्नास वेळा पिवळा अंगठा उठवतो, आणि त्याचा अर्थ कधी 'वाचले', कधी 'बरे', कधी 'पुरे झाले, झोपू दे' असा असतो. आणि जोडलेले हात? नमस्कार, विनंती, आभार, की 'कोपरापासून हात जोडले बाबा तुमच्यापुढे'? आमच्या त्या सभासदांचे हात कोणते होते, हे मला फार उशिरा कळले.

कोणाला जास्त अडते?

आपल्यासारख्या धडधाकट कान-डोळ्यांच्या माणसांची ही तऱ्हा, तर ज्यांना मुळातच सूर ओळखणे कठीण जाते त्यांचे काय होत असेल? आपल्या एका सभासदाचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. हुशार आहे, घरच्या ट्रॅक्टरच्या फेऱ्यांचा सगळा हिशोब फोनवर तोच ठेवतो. एकदा त्याने एका मुकादमाला लिहून विचारले, टोळी आमच्याकडे उद्या येणार का? उत्तर आले, 'बघू उद्या.' हा सकाळी सहापासून फडात जाऊन बसला, बैलांच्या चाऱ्यासाठी वाढे न्यायला दोन शेजारीही बोलावले. दिवस मावळला, कोणी आले नाही. आता तुम्ही-आम्ही जाणतो, की 'बघू' हा आपल्याकडे नकाराचा सभ्य प्रकार आहे. 'करू की', 'सांगतो नंतर', 'होऊन जाईल' हे त्याचेच भाऊबंद. आपण ते तोंडाच्या चवीवरून ओळखतो. त्या मुलाने ते शब्द तसल्या आवाजात कधी ऐकलेलेच नाहीत. त्याची पहिली भाषा हातांची, आणि त्या भाषेत चेहऱ्यावरचा भाव हा व्याकरणाचाच भाग असतो. लिहिलेली मराठी त्याला दुसरी भाषा म्हणून शिकावी लागली.

स्वमग्नता, ज्याला ऑटिझम म्हणतात, ती असलेल्या पुष्कळ मुलामाणसांचीही अशीच अडचण होते. ती शब्दाचा सरळ अर्थ घेतात. 'वा, फारच लवकर आलात' म्हटले तर त्यांना ती स्तुती वाटू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची गणना आहे त्यांत हीही आहे. घरात असे मूल असेल तर ते हट्टी किंवा खुळे आहे असे समजून त्यावर चिडणारे आईबाप आजही भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

तिसरी मंडळी म्हणजे आपल्याकडे तोडीला येणारी. त्यांतल्या कित्येकांना वाचता येत नाही. ते फोनकडूनच मजकूर वाचून घेतात. फोन वाचतो, पण एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा. 'गाडी लवकर भरा' आणि 'सणाच्या शुभेच्छा' एकाच चालीत.

यंत्र सूर कसे ओळखते?

आता यंत्राकडे वळू. यंत्राला राग येत नाही, लाज वाटत नाही. मग त्याला दुसऱ्याचा राग कळतो कसा? उत्तर सोपे आहे : उदाहरणांवरून. हजारो वाक्ये गोळा करायची, जाणत्या माणसांनी प्रत्येकावर शिक्का मारायचा, की हे वाक्य चांगल्या भावाचे, हे वाईट भावाचे, हे मधले. मग यंत्र त्यांतले सांधे शोधते. कोणते शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी आले की शिक्का कोणता पडतो, हे त्याच्या अंगवळणी पडते. नवे वाक्य दिले की ते अंदाज करते, की हे बहुधा रागाचे. 'बहुधा' हा शब्द ध्यानात ठेवावा.

मराठीत असे काम पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने केले आहे. २०२१ मध्ये त्यांनी ट्विटरवरची सुमारे १६ हजार मराठी वाक्ये अशी शिक्के मारून सर्वांसाठी खुली केली. २०२२ मध्ये द्वेषाची, अपमानाची व शिवराळ भाषा ओळखता यावी म्हणून २५ हजारांवर वाक्यांचा आणखी एक संग्रह केला. हे काम मोलाचे आहे, कारण त्याआधी यंत्रांना जे सूरज्ञान होते ते मुख्यतः इंग्रजीचे.

आवाजाच्या बाबतीत तर आपल्या छत्रपती संभाजीनगरातच काम झालेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान विभागातील संशोधकांनी २०१२ पासूनच्या काही वर्षांत शेतीविषयक मराठी शब्दांचा आवाजसंग्रह केला, मराठवाड्यातील लोकांच्या बोलण्याचा संग्रह केला, आणि निरनिराळ्या भावनांनी उच्चारलेल्या मराठी शब्दांचाही केला. यात यंत्र शब्द काय आहे हे बाजूला ठेवून आवाज मोजते : पट्टी किती चढली, जोर कुठे पडला, वेग किती, थांबा किती. रागात पट्टी व जोर बहुधा चढतो, दुःखात आवाज संथ व मंद होतो. तुमच्या आईला हे मोजमापाशिवाय कळते. यंत्राला मोजावे लागते.

याचा उपयोग बहिऱ्या माणसांना थेट होऊ लागला आहे. गूगलने डिसेंबर २०२४ मध्ये अँड्रॉइड फोनांत अशी सोय आणली, की बोलण्याखाली अक्षरे उमटताना नुसते शब्द येत नाहीत, तर कोणी ओरडले, उसासा टाकला, टाळ्या वाजल्या हेही दिसते. आरंभ इंग्रजीपासून झाला. व्हॉट्सॲपनेही ऑगस्ट २०२५ मध्ये लिहिलेल्या निरोपाचा सूर बदलून देणारी मदत जाहीर केली, तीही आधी इंग्रजीतच. मराठीत आज ज्यांना हे काम करून पाहायचे त्यांना चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारख्या, प्रश्नाला उत्तर देणाऱ्या यंत्राकडेच जावे लागते. फोनवर मराठीत लिहून किंवा बोलून विचारता येते, तेवढ्यापुरते ते फुकटही आहे.

मी माझ्या त्या निरोपावरच पहिला प्रयोग केला. निरोप जसाच्या तसा लिहून विचारले, हे वाचून सभासदाला काय वाटेल? उत्तर आले, की भाषा कडक व तुटक आहे, वाचणाऱ्याला आपल्याला दटावले असे वाटू शकते, अडचण असल्यास काय करावे हे सांगितलेले नाही. नेमके बोट ठेवले. खरे सांगायचे तर राग आला. मग त्या काकांचे उत्तर लिहून विचारले, 'बरं साहेब. तुमची मर्जी.' याचा सूर काय? यंत्र म्हणाले, नम्र व संमतीचा.

म्हणजे यंत्रही तिथेच फसले जिथे मी फसलो होतो.

मग मी आणखी माहिती दिली. लिहिणारे वयस्क आहेत, त्यांनी आधी दोनदा फोन केला होता, तो उचलला गेला नाही, ऊस तोडीला आलेला आहे, आणि आमच्या भागात 'तुमची मर्जी' कधी कधी तोडून टाकण्यासाठीही म्हणतात. आता उत्तर बदलले : यात दुखावल्याची किंवा हताशपणाची छटा असू शकते, त्यांना स्वतःहून फोन करावा.

इथे मला आपल्या शेतकी खात्याचा हातातला ब्रिक्स मीटर आठवतो. एकाच कांडीचा रस टाकून आकडा वाचला तर ऊस पक्व आहे की नाही ते कळत नाही. बुडख्याचा रस घ्यावा लागतो, मधला घ्यावा लागतो, शेंड्याकडचा घ्यावा लागतो. बुडखा आणि शेंडा यांचे आकडे जवळ आले तर ऊस तयार. निरोपाचेही तेच आहे. एकटे वाक्य यंत्रात टाकले तर आकडा पडतो, पण तो एका कांडीचा. आधी काय बोलणे झाले, कोण कोणाला बोलले, हे दोन रस त्यात घातल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. आणि घातल्यानंतरही यंत्राने फोन करा एवढेच सांगितले, तो करायचा मलाच होता.

आपल्या बोलीचे काय?

हा भाग जरा खोलात जाऊन सांगतो, कारण आपल्याला अडणार ते इथेच. यंत्र ज्या मराठीवर शिकले ती छापील किंवा शहरी लोकांनी लिहिलेली. पुण्याच्या त्या पहिल्या संग्रहातली वाक्ये तर महाराष्ट्रातल्या नामवंत मंडळींच्या ट्विटर खात्यांवरून घेतलेली होती. नामवंत माणूस जगाला जे लिहितो आणि पैठण तालुक्यातला भाऊ भावाला जे लिहितो, त्यांत जमीनअस्मानाचे अंतर. 'काय करायलास रे? ये की लवकर, मोटार बंद पडली' यात राग नाही, हक्क आहे. यंत्राला त्यात अरेरावी दिसते, कारण 'तू' आणि 'रे' आणि आज्ञा एका जागी आली. आपल्याकडे निम्म्या घरांत आईला 'अगं' आणि बापाला 'अरे बापा' म्हणतात, त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. गंगापूर-वैजापूरकडचे बोलणे निराळे, सिल्लोडकडचे निराळे, आणि शहरालगतच्या गावांत दखनी हिंदी मराठीत अशी मिसळलेली, की एकाच वाक्यात दोन्ही.

त्यात निम्मे लोक मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. तीन इंग्रजी अक्षरांत लिहिलेला शब्द काल आहे, काळ आहे की कळ आहे हे माणसालाही थांबून ओळखावे लागते. पोटात कळ आली आणि पोटात काळ आला यात केवढा फरक! म्हणून ज्यांना जमेल त्यांनी देवनागरीत लिहावे, नाहीतर सरळ बोलून आवाज पाठवावा.

टोमणा ही तर यंत्राची मोठीच अडचण. 'कारखान्याचे उपकार झाले' हे वाक्य ते आनंदाचे म्हणून मोजील. आपल्याकडे ते आनंदाने म्हटलेले मी तरी अजून ऐकलेले नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की दुसऱ्याच्या निरोपाचा अर्थ लावण्यापेक्षा आपला निरोप धाडण्यापूर्वी यंत्राला दाखवणे जास्त फायद्याचे. आपल्या मनात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते, ते शब्दांत उतरले की नाही एवढेच यंत्राने सांगायचे. त्या कर्णबधिर मुलाची गोष्ट निराळी. तो 'बघू', 'सांगतो' असले शब्द यंत्राला विचारतो, आणि त्याला उत्तर मिळते, की हे पक्के आश्वासन नाही, वेळ व दिवस स्पष्ट विचारून घ्या. आता तो मुकादमाला लिहितो, 'उद्या येणार : हो की नाही, एकच शब्द लिहा.' सुरुवातीला मुकादमाला ते उद्धट वाटले, मग त्याच्या वडिलांनी जाऊन सांगितले. आता ठीक चालले आहे. खरे म्हणजे मुकादमाने आधीच सरळ लिहिले असते तर मुलाला यंत्राची गरजच पडली नसती. फोन समजून घेण्याचे सारे ओझे त्याच्यावरच का, हा त्याच्या वडिलांचा प्रश्न माझ्याजवळ अजून तसाच आहे.

एक धोका आमच्याकडूनही आहे, तोही सांगून टाकतो. यंत्राला 'हे गोड करून दे' म्हटले की ते इतके गोड करते, की कामाची गोष्ट पाकात बुडते. मी एकदा खोडव्याच्या नोंदीची मुदत कळवणारा निरोप त्याच्याकडून लिहून घेतला. आठ ओळी झाल्या, 'आपल्या अमूल्य सहकार्याबद्दल' वगैरे, आणि शेवटची तारीख सातव्या ओळीत. निम्म्या लोकांनी वाचलीच नाही. साखर पोत्यात बरी. तसेच, उसाचे बिल थकले असताना निरोप कितीही मऊ लिहिला तरी तो थकलेल्या बिलाचाच निरोप. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत आहे, ती सुराने लांबत नाही.

आणि खाजगीपणा सांभाळावा. यंत्राला निरोप दाखवताना त्यातले नाव, फोन नंबर, बँकेचा खाते क्रमांक, आधार क्रमांक काढून टाकावेत. दुसऱ्याने विश्वासाने लिहिलेले घरगुती दुःख यंत्रात टाकू नये, ते आपले नव्हे. आपण यंत्राला जे देतो ते दूर कुठल्या तरी कंपनीच्या संगणकावर जाते, हे विसरू नये.

आता येत्या हंगामापासून तोडीचा निरोप कसा जाणार आहे तो खाली देतो. यंत्राने पहिला खर्डा केला, मी व गटाच्या फिल्डमननी तो कापला, आणि शेवटी त्या वडीलधाऱ्या सभासदांना बसवून वाचून दाखवला. 'आपणांस' हा शब्द त्यांनी काढायला लावला. म्हणाले, तो शब्द आला की नोटीस आल्यासारखी वाटते.

'नमस्कार मंडळी. तोड नोंदीच्या तारखेप्रमाणे चालू आहे. तुमची लागणीची तारीख आमच्याकडे बरोबर चढली आहे का, एकदा पाहून घ्या. चुकली असेल तर लगेच कळवा, चूक आमचीही असू शकते. सकाळी ८ ते १० या वेळात फोन उचलला जाईल. त्या वेळात नाही लागला तर आवाजी निरोप टाका, त्याच दिवशी उलट फोन येईल. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी लिहून विचारावे, उत्तर हो किंवा नाही असेच मिळेल.'

हा निरोप आवाजातही पाठवला जाईल, फिल्डमनच्या स्वतःच्या आवाजात, यंत्राच्या नाही. आपल्या गावच्या बोलीत ज्या शब्दांचा बाहेरच्याला उलटा अर्थ लागतो असे शब्द कोणाला आठवले तर गट कार्यालयात लिहून द्यावेत. पुढील निरोप लिहिताना ती यादी यंत्रापुढे ठेवू. 'तुमची मर्जी' आम्ही पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवले आहे.